बीकॉम, वय २८, एक्सेलमध्ये मॅक्रो लिहिते. आता कॉम्प्युटरची डिग्री करू का?

खतावणी
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचते आहे, आज लिहूनच टाकते. मी इंदूरला दवा बाजारात एका स्टॉकिस्टकडे अकाउंट्स बघते. डीएव्हीव्हीचं (म्हणजे इथलं देवी अहिल्या विद्यापीठ) बीकॉम, शाळा हिंदी मीडियम, बारावीला कॉमर्स आणि त्यात गणित घेतलं नव्हतं. टॅली, जीएसटी रिटर्न, पार्ट्यांचे लेजर, एक्स्पायरीच्या मालाच्या क्रेडिट नोटा (परत आलेल्या मालाची रक्कम वजा करून देणारे कागद), सगळं माझ्याच गळ्यात. लॉकडाउनमध्ये यूट्यूब बघून व्हीबीए (एक्सेलमध्ये प्रोग्राम लिहायची भाषा) शिकले आणि मग वेडच लागलं, जे काम दोनदा करावं लागतं त्याचा मॅक्रो, म्हणजे छोटा प्रोग्राम, करून टाकते. जीएसटीचं २बी स्टेटमेंट (आम्हाला माल विकणाऱ्यांनी सरकारकडे दाखवलेली बिलं) आणि आमचं परचेस रजिस्टर जुळवायचा मॅक्रो केला तर आमच्या सीए साहेबांनीच ती फाइल मागून नेली.

आता डोक्यात आहे की हे नीट पायापासून शिकावं. बघून ठेवलेले रस्ते : इग्नूचं बीसीए, आयआयटी मद्रासची ती ऑनलाइन बीएस, नाहीतर एमसीए. नोकरी सोडता येणार नाही, घराचा हप्ता आहे. नवरा म्हणतो कर, सासूबाई म्हणतात एवढ्या वयात परत बीकॉम करून राहिली का, त्यांना सगळ्या डिग्र्या बीकॉमच वाटतात. खरंच करावं का, की हे नुसतं खूळ आहे?

जीरवण
ताई आधी हे सांगा की २बी वाली फाइल इथे टाकता का, बाकी चर्चा नंतर 😄

सुपरकॉरिडॉर
मी आयटीत आहे, फ्रेशरचे इंटरव्ह्यू घेतो, म्हणून जे दिसतं ते सरळ सांगतो, वाईट वाटून घेऊ नका. मोठ्या सर्व्हिस कंपन्यांची फ्रेशर भरती कॉलेजच्या कॅम्पसवरून होते, तिथे पासआउट वर्ष बघतात, शिक्षणात किती गॅप आहे ते बघतात, दहावीपासून ६० टक्के बघतात. तुम्ही तीन-चार वर्षांनी डिग्री घेऊन याल तेव्हा ३२ च्या असाल आणि २२ वर्षांच्या पोराच्या लाइनीत उभं राहून साडेतीन लाखाच्या आसपासचं पॅकेज मागाल, तर ती लाइन तुमच्यासाठी नाहीच. घरच्यांना वाटतं इंदूरच्या सुपर कॉरिडॉर रस्त्याला टीसीएस इन्फोसिस उभे आहेत, आता मेट्रो पण सुरू झाली, डिग्री घेतली की झालं. असं नसतं हो.

पण तुमच्याकडे जे आहे ते त्या पोरांकडे नाही. आमच्याकडे फायनान्सचं सॉफ्टवेअर करणाऱ्या टीममध्ये डेबिट नोट आणि क्रेडिट नोट यातला फरक समजावता समजावता अर्धा दिवस जातो. ज्याला हिशोब कळतो आणि कोड पण लिहिता येतो असा माणूस हवा असतो, आणि तो कॅम्पसवर मिळत नाही. तेव्हा प्रोग्रामर व्हायला डिग्री करू नका, अकाउंट्समधलीच पण सिस्टिम बघणारी बाई व्हायला काय लागेल ते बघा. त्याला डिग्री लागेलच असं नाही.

राजेंद्रनगरकर
मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवून निवृत्त झालो. खतावणी, तुला अगं-तुगं करतो, लेकीच्या वयाची आहेस.

आधी कागदाचं बोलून घेऊ म्हणजे पुढे फसवणूक नको. एमसीए हा कोर्स काढला तोच मुळी इंजिनिअरिंग न केलेल्या पदवीधरांसाठी, संगणकशास्त्राचे प्रा. राजारामन यांचा त्यात मोठा हात. आधी तीन वर्षांचा होता, २०२०-२१ पासून दोन वर्षांचा झाला. बीकॉमवाल्यांना घेतात, पण बऱ्याच ठिकाणी बारावीला किंवा पदवीला गणित मागतात. तुझं बारावीला नव्हतं, तेव्हा बीकॉमच्या मार्कशीटी काढून बघ बिझनेस मॅथ्स होतं का. असेल तर ते गणित म्हणून धरतात का हे ज्या कॉलेजात जायचं त्यांनाच लेखी विचार. फोनवर सगळे हो म्हणतात, ॲडमिशनच्या सीझनमध्ये तर फारच.

दुसरं, पत्राने बीटेक करून देतो म्हणणारे कोणी भेटले तर ऐकूनही घेऊ नकोस. इंजिनिअरिंगची डिग्री पत्राने होत नाही, सुप्रीम कोर्टाने २०१७ सालीच ते स्पष्ट केलंय. बीसीएचं तसं नाही, ते दूरशिक्षणाने चालतं, आणि यूजीसीने मान्यता दिलेल्या संस्थेची दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते. खासगी कॉलेजातलं बीसीए घेणार असलीस तर २०२४-२५ पासून बीसीए पण एआयसीटीईच्या (तांत्रिक शिक्षणाची केंद्रीय परिषद) कक्षेत आलंय, मान्यता आहे का ते बघून पैसे भर.

आणि मला एक सांग, मॅक्रो लिहिताना तुला मजा कशात येते? काम झटपट झालं यात, की ते कसं झालं यात? कॉम्प्युटर सायन्स हे दुसऱ्या प्रकारच्या लोकांचं आहे. पहिल्या प्रकारचे लोक पहिल्याच सेमिस्टरला कंटाळतात.

भंवरकुआ_सेकंडइयर
काका एकदम बरोबर बोलले. मी बीटेक सीएस सेकंड इयर, कॉलेजचं नाव नाही सांगत कारण सर पण इथे वाचत असतील. दीदी तुम्हाला वाटत असेल की कॉलेजात भारी कोडिंग शिकवतात तर आमच्याकडे अजून टर्बो सी या जुनाट सॉफ्टवेअरची निळी स्क्रीन आहे आणि फाइलमध्ये हाताने प्रोग्राम लिहून सही घ्यायची असते, हाताने, पेनने. जे येतं ते रात्री यूट्यूब आणि एनपीटीईएल (आयआयटीवाल्यांची ऑनलाइन लेक्चरं) बघून येतं. मग फी कशाची भरतोय हा प्रश्न आम्हाला पण पडतो भिया.

पण एक आहे, डिस्क्रीट मॅथ्स आणि डेटा स्ट्रक्चर स्वतःहून मी कधीच नसतं वाचलं, परीक्षा होती म्हणून वाचलं, आणि आता वाटतं बरं झालं. जबरदस्तीचा पण फायदा असतो.

खतावणी
काका, मजा कशात येते... विचार केला. एक प्रॉब्लेम सांगते त्यावरून तुम्हीच ठरवा. २बी चा मॅक्रो महिन्याच्या डेटावर पटकन चालतो. वर्षाअखेर पूर्ण वर्षाचं जुळवायला घेतलं, इकडे ९ हजार बिलं तिकडे ९ हजार, तर पाऊण तास एक्सेल गोठून बसलं. मला राग मॅक्रोचा नाही आला, मला हे कळेना की डेटा बारापट झाला तर वेळ बारापटीपेक्षा एवढा जास्त का वाढला. दोन रात्री झोप नाही.

मी असं केलंय : आमचं एक बिल घ्यायचं, २बी च्या सगळ्या ओळी वरून खाली बघत जायचं, सापडलं की थांबायचं, मग पुढचं बिल.

राजेंद्रनगरकर
झोप गेली ना? मग उत्तर मिळालं मला.

आता हिशोब कर. प्रत्येक बिलासाठी वाईटात वाईट ९ हजार ओळी, अशी ९ हजार बिलं, म्हणजे ८ कोटी १० लाख तुलना. महिन्याला ७५० बिलं धर, तर साडेपाच लाखांच्या आसपास. डेटा १२ पट, काम १४४ पट. हे तुला कोणी न शिकवता खुपलं, आमच्या वर्गात हे फळ्यावर लिहून द्यावं लागायचं आणि तरी अर्धे जण उतरवून घ्यायचे फक्त.

भंवरकुआ_सेकंडइयर
दीदी २बी ची यादी बिल नंबरने सॉर्ट करून टाका आणि मधून शोधा. मधलं बघायचं, आपलं मोठं असेल तर वरचा अर्धा भाग सोडून द्यायचा, परत मधलं. ९ हजारात जास्तीत जास्त १४ वेळा बघावं लागतं. ९ हजार गुणिले १४ म्हणजे सव्वा लाख. कुठे ८ कोटी कुठे सव्वा लाख! याहून सोपं म्हणजे व्हीबीएमध्ये डिक्शनरी मिळते, जीएसटी नंबर आणि बिल नंबर जोडून त्याची किल्ली करायची, एकदा सगळं २बी त्यात भरलं की प्रत्येक बिल जवळपास एका झटक्यात सापडतं. आणि सेल एकेक वाचू नका, पूर्ण रेंज एकदम ॲरेमध्ये (मेमरीतल्या तक्त्यात) ओढून घ्या, निम्मा वेळ तर तिथेच जातो.

जीरवण
हे सगळं फुकटात मिळालं ना, मग डिग्रीची फी वाचली. पोहे-जिलबी भंवरकुआच्या पोराला पाठवा.

पुणे_व्हाया_इंदूर
रामबागेत वाढलो, आता पुण्यात आयटीत. मला वाटतं इथे सगळे २०१५ सालचा सल्ला देऊन राहिलेत. नोव्हेंबर २०२२ नंतर चॅटजीपीटी आलं, आता हाच प्रश्न त्याला विचारला असता तर डिक्शनरीवाला कोड अर्ध्या मिनिटात लिहून मिळाला असता. आमच्या टीममध्ये ज्युनिअरचं निम्मं काम एआय करतं, भरती आखडती झाली आहे, २०२२-२३ ची लेऑफची लाट सगळ्यांनी बघितली. अशा वेळी २८ व्या वर्षी चार वर्षं आणि पैसे घालून लोकांच्या मागे धावत जायचं? त्यापेक्षा अकाउंट्समध्येच पुढे जा, सीए नाही तरी सीएमए (कॉस्ट अकाउंटंट) करा, आणि कोडला एआय वापरा. कडू आहे पण खरं आहे.

आई_टीचर
मी शाळेत शिकवते, मला कॉम्प्युटरचं ओ की ठो कळत नाही. पण प्रत्येक धाग्यावर बाईने शिकायचं म्हटलं की कोणीतरी येऊन आता काय उपयोग सांगतंच. पोराने विचारलं असतं तर वय काढलं असतं का?

पुणे_व्हाया_इंदूर
काढलं असतं काकू. माझ्या चुलत भावाला हेच सांगितलं मागच्या वर्षी. बाई-पुरुषाचा मुद्दाच नाहीये.

खतावणी
डिक्शनरी चालली!! पाऊण तासाचं काम आठ-दहा सेकंदात. मी खुर्चीवरून उठून आमच्या डिस्पॅचच्या भैयाला सांगायला गेले, त्याला काही कळलं नाही पण तो पण खूष झाला.

पुणेवाले दादा, तुमचं पटतंय थोडं. पण माझं अजून एक दुखणं आहे, ते मी एआयला विचारून झालंय. एक पार्टी आहे, ती एकरकमी पैसे पाठवते, कोणत्या बिलांचे ते सांगत नाही. समजा १,८४,३५० आले. तिची ४० बिलं बाकी आहेत. यातल्या कोणत्या बिलांची बेरीज एवढी होते ते शोधायचं. एआयने छान कोड लिहून दिला, १५ बिलांवर चालवला, मस्त. ४० वर चालवला तर रात्रभर चालू, सकाळी आले तरी चालू. परत विचारलं तर त्याने म्हटलं सॉरी, आणि दुसरा कोड दिला, तो पण तसाच. म्हणजे माझं चुकतंय की त्याचं, हेच मला कळत नाही.

सुपरकॉरिडॉर
अरे वा. हा प्रश्न मी इंटरव्ह्यूत विचारायला घेणार आता.

राजेंद्रनगरकर
पोरी, तू ज्या दारावर डोकं आपटते आहेस ते फार प्रसिद्ध दार आहे. प्रत्येक बिलाला दोन शक्यता, घेतलं नाहीतर नाही घेतलं. ४० बिलं म्हणजे २ चा ४० वा घात, सुमारे १ लाख १० हजार कोटी निवडी. सेकंदाला १ कोटी तपासल्या तरी तीस तास. आणि बिलं ५० झाली तर हजारपट, म्हणजे साडेतीन वर्षं. कॉम्प्युटर नवा घेऊन हे सुटत नाही, दुप्पट वेगाचा घेतलास तर फक्त एक बिल जास्त झेपेल.

१९७२ साली रिचर्ड कार्प या संगणकशास्त्रज्ञाने अशा २१ प्रश्नांची यादी मांडली, त्यात हा पण बसतो. यातल्या एकाचीही सगळ्या बाबतीत झटपट चालणारी रीत सापडली तर बाकीच्या सगळ्यांची सापडते, आणि आजवर ती कोणाला सापडलेली नाही, नाहीच असंही कोणी सिद्ध केलेलं नाही. म्हणून तुझं चुकत नव्हतं आणि त्या एआयचा कोडही चूक नव्हता. प्रश्नच तसा आहे.

पण हात टेकायची गरज नाही. १९७४ साली होरोविट्झ आणि सरताज साहनी (साहनी आपल्या आयआयटी कानपूरचे) यांनी एक युक्ती दिली : ४० बिलांचे २०-२० चे दोन गट कर. प्रत्येक गटाच्या सगळ्या बेरजा काढ, त्या साडेदहा लाखांच्या आसपास होतात. दुसऱ्या गटाच्या बेरजा तुझ्या त्या डिक्शनरीत भर. मग पहिल्या गटाच्या प्रत्येक बेरजेसाठी १,८४,३५० ला जे कमी पडतं ते दुसरीकडे आहे का बघ. लाख कोटींवरून गाडी वीस-एकवीस लाखांवर आली.

आता पुण्याच्या चिरंजीवांना विचारतो, एआयला नेमकं काय विचारायचं हे हिला कुठून कळलं असतं?

पुणे_व्हाया_इंदूर
ठीक आहे काका, हा पॉइंट तुम्हाला. पण मी अजूनही म्हणतो की हे कळायला चार वर्षांची डिग्रीच हवी असं नाही, अल्गोरिदमचा (प्रश्न सोडवायच्या रीतींचा) एक चांगला कोर्स पुरतो. एनपीटीईएलवर फुकट बघायला मिळतात.

भंवरकुआ_सेकंडइयर
कोर्स सुरू करणारे खूप असतात दादा, माझ्याच लॅपटॉपवर अर्धवट सोडलेल्या कोर्सची स्मशानभूमी आहे.

खतावणी
काकांची युक्ती संध्याकाळी करून बघितली, चालली, पण गंमत अशी की उत्तर एक नाही आलं, ढीगभर आली. १,८४,३५० ची बेरीज कितीतरी वेगवेगळ्या बिलांनी जुळते! मग आठवलं की ही पार्टी नेहमी जुनं बिल आधी देते, आणि एक्स्पायरीची क्रेडिट नोट आली असेल तर तेवढे कापूनच पाठवते. म्हणून तारखेने लावलं, क्रेडिट नोटा उणे म्हणून धरल्या आणि वरून बेरीज करत गेले, तर सातव्या बिलावर रक्कम तंतोतंत जुळली. लाख कोटीही नको आणि वीस लाखही नको 😄

सुपरकॉरिडॉर
मी पहिल्या पोस्टमध्ये हेच म्हणत होतो. हे सीएसच्या पोराला सुचलं नसतं कारण त्याला पार्टी कशी वागते ते माहीत नाही. आणि आठवड्यापूर्वी तुम्हालाही अडलं कुठे ते नेमकं सांगता आलं नसतं. दोन्ही लागतं.

आता रस्त्याचं बोलू. एमसीए रेग्युलर म्हणजे नोकरी सोडा, ते तुम्हाला जमणार नाही, गणिताची अट वेगळीच. राहिले इग्नू आणि मद्रास. इग्नूची फी कमी, तीन वर्षांचं सहा वर्षांत करायची मुभा, पण अभ्यासाला मागे कोणी लागत नाही. ज्याला फक्त कागद हवा त्याला ठीक. मद्रासवाल्यात दर आठवड्याला असाइनमेंट असते आणि परीक्षा सेंटरवर जाऊन द्यावी लागते, घरबसल्या नाही. माझ्या टीममधली एक मुलगी करते आहे, तिचे शनिवार-रविवार संपले म्हणते.

राजेंद्रनगरकर
मद्रासचं मला बरं वाटतं ते त्याच्या पायऱ्यांमुळे. २०२० साली सुरू झालं, जेईई लागत नाही, वयाची अट नाही, बारावी कुठल्याही शाखेची चालते, दहावीला गणित आणि इंग्रजी असलं की झालं. आधी क्वालिफायर : चार आठवडे गणित, संख्याशास्त्र, संगणकीय विचार आणि इंग्रजी शिकवतात आणि मग परीक्षा. ती पास झालीस तरच आत. म्हणजे झेपतंय की नाही ते महिन्याभरात आणि थोड्या पैशात कळतं. पुढे पण फाउंडेशन, डिप्लोमा, बीएससी, बीएस असे टप्पे, मध्येच थांबलीस तरी हातात काहीतरी कागद राहतो. पूर्ण बीएसचे मात्र तीन लाखांच्या वर जातात, उत्पन्न कमी असेल तर फी माफी असते, ते नियम नीट वाच.

एक लक्षात घे, ती डिग्री डेटा सायन्सची आहे. ऑपरेटिंग सिस्टिम, कंपायलर असलं खोलात हवं असेल तर ते वेगळं वाचावं लागेल. तुझ्या कामाला डेटाच जास्त उपयोगी, असं माझं मत.

आई_टीचर
इंग्रजीचं काय पण? हिंदी मीडियमची आहे म्हणते ती.

खतावणी
काकू तीच भीती आहे. जीएसटीचे सर्क्युलर वाचून वाचून वाचायची सवय झाली आहे, पण लेक्चर ऐकून समजेल का माहीत नाही. ते क्वालिफायरमध्येच कळेल ना. मार्कशीट काढली, त्यात बिझनेस मॅथ्स आहे, पण एमसीएचा विचार सोडला, नोकरी नाही सोडता येत.

तर ठरवलंय ते असं. इग्नू नाही. मद्रासचा पुढच्या टर्मचा क्वालिफायरचा फॉर्म भरते. पास झाले तर फाउंडेशन, आणि डिप्लोमापर्यंतचे पैसे दिवाळीच्या बोनसमधून आणि भिशीतून निघतील असा हिशोब बसतोय, त्यापुढचं तेव्हा बघू. नापास झाले तर पुणेवाल्या दादांचा एनपीटीईएलचा कोर्स. मालकांना अजून सांगितलेलं नाही, मार्चएंडच्या आधी सांगितलं तर ते वर्षाचं सगळं जुळवून घेतल्याशिवाय सोडणार नाहीत. सासूबाईंना सांगितलं, त्यांनी विचारलं मद्रासला कधी जायचं आणि स्वेटर लागेल का.

जीरवण
मद्रासला स्वेटर 😂 काकूंना सांगा तिकडे पंखा न्यावा लागतो.

पुणे_व्हाया_इंदूर
हे मला पण चालेल. क्वालिफायरच्या आधी गणित झाडून घ्या, बारावीला नव्हतं म्हणताय.

राजेंद्रनगरकर
एनसीईआरटीचं अकरावीचं गणित घे, त्यांच्या साइटवर फुकट मिळतं, हिंदीतही आहे. संच, संबंध आणि फलन, मग क्रमचय-संचय, मग संख्याशास्त्र आणि संभाव्यता. त्रिकोणमिती आत्ता सोड. पायरी गाळून उत्तर बघू नकोस, अडलं तर इथे टाक.

खतावणी
डाउनलोड केलं काका. हिंदीत आहे ते फार बरं झालं. त्या ४० बिलांचा २ चा घात कोणत्या धड्यात येईल, क्रमचय-संचयमध्ये का?

भंवरकुआ_सेकंडइयर
दीदी, आधी पहिल्याच धड्यातले उपसंच बघा, ते किती होतात ते मोजलं की २ चा घात येतो. आणि ती २बी ची फाइल खरंच टाका यार, माझ्या मामांचं सियागंजला किराण्याचं होलसेल आहे, ते रोज विचारून राहिलेत.